पांढऱ्या चकतीवरची निळी शाई

मी एक जुनी रेकॉर्ड आहे, आणि माझ्या पोटावर एका माणसाचा आळस निळ्या शाईत लिहिलेला आहे.

मित्रांनो, माझा जन्म इंग्लंडातल्या शेफील्डचा. लिनेट सग्डेन दिवसा इस्पितळातले कपडे धुवायची आणि उरलेल्या वेळात यंत्रांवर गाणी रचायची. तिच्या अल्बमात सहा गाणी, सहाही नाचायची. पण एकात चर्चमधलं समूहगान, एकात पोलाद कारखान्याचा ठोका, तर एकात जमैकाच्या शेजाऱ्याचा ढोल. अल्बम बाजारात येण्याआधी समीक्षकांना मधोमध कोरी पांढरी कागदी चकती चिकटवलेली प्रत पाठवायची रीत होती. तिच्यावर ना नाव, ना वेग. लिनेटने सोबत चिठ्ठी घातली : 'पंचेचाळीसवर वाजवा.'

समीक्षक गॅव्हिन प्राउझने त्या चिठ्ठीवर चहाचा मग ठेवला आणि मला तेहतिसावर लावलं. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांऐवजी तेहतीस घ्यायला लावल्या, तर घोड्याचाही रेडा होतो. लिनेटचा गळा बाप्याचा झाला. एका गाण्यानंतर त्याने सुई उचलली आणि माझ्या चकतीवर खरडलं : '३३. रटाळ. गॅ. प्रा.' साप्ताहिकात छापून आलं : 'सहा गाणी, सहा प्रेतयात्रा. नाचायला मेलेले चालतील.' ऐकलं एक, पुरली सहा.

लिनेटचे ठरलेले कार्यक्रम रद्द झाले. तिने यंत्रं माळ्यावर टाकली. मला गॅव्हिनने बूथरॉइडबाईंच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात विकलं. अकरा वर्षं खोक्यात पडून मी एकच जप केला : येशील गॅव्हिनबाबा, कधीतरी येशील.

एकदा बाईंनी चकतीवरचं '३३' न बघताच मला पंचेचाळीसवर लावलं आणि गिऱ्हाइकं खोक्यांमधल्या बोळात नाचली. बोलबाला झाला, अल्बम नव्याने निघाला. गॅव्हिनने लिहिलं, 'ही बाई थोर आहे, हे मी पहिल्यापासून ओळखलं होतं.' मग मात्र त्याला माझी, म्हणजे माझ्यावरच्या त्याच्या शाईची, आठवण झाली.

तो आला, तेव्हा लिनेट तिथेच नव्या प्रतींवर सह्या करत होती.

"ती पांढरी प्रत माझी. परत घेतो, किंमत सांगा," तो म्हणाला.

"विकायची नाही, राजा," बूथरॉइडबाई म्हणाल्या. "ऐकून जा हवं तर."

त्यांनी मला लावलं. मी कुठेही अडखळले नाही. सूड नीट वाजवावा लागतो. तिसऱ्या गाण्याला त्याचा पाय ठेका धरू लागला. त्याने तो दुसऱ्या पायाने दाबला.

"दाबू नकोस," लिनेट म्हणाली. "मेलेल्यांना परवानगी आहे."

"तरुण होतो गं तेव्हा."

"मीही होते."

"कुठेतरी खुलासा छापून आणतो."

"कशाला लांब जातोस? इथेच लिही." बाईंनी मला उतरवून त्याच्यापुढे ठेवलं, लिनेटने पेन पुढे केलं.

त्याने माझ्या चकतीवर लिहिलं, 'चुकीच्या वेगाने ऐकली.'

"गाणी किती ऐकलीस?"

'एक,' त्याने लिहिलं.

"आता नाव. पूर्ण."

आता मी दुकानाच्या काचेत असते, अक्षरं रस्त्याकडे. मित्रांनो, रेकॉर्ड कडेने धरावी, धूळ मऊ फडक्याने पुसावी, आणि मत देण्याआधी ती शेवटपर्यंत ऐकावी. लिनेटने त्याला माफ केलं, तिचा स्वभाव. माझा तसा नाही. उन्हाने शाई फिकी पडू नये म्हणून बूथरॉइडबाई रोज दुपारी पडदा ओढतात. जिव्हाळ्याने जपणं म्हणतात, ते हेच.