दिवसाचा चंद्र

"पोरांना उत्तर सांगू नका, बाई. बघायला लावा. ज्यानं बघितलं नाही त्यानं लिहायचं नाही, एवढं एक अंगी लागलं तरी पुष्कळ झालं."

संस्थेच्या जूनमधल्या प्रशिक्षणात, जेवणाच्या सुट्टीत हात धुता धुता भागवत सर हे बोलले होते. पुढं ते संस्था सोडून गेले. सुरेखाताईंनी मात्र त्यांचं बोलणं गुरूनं कानात सांगितल्यासारखं जपलं. शाळा सुटल्यावर मारुतीच्या मंडपात भरणाऱ्या संस्थेच्या निसर्गवर्गात पोरं मुंग्यांची रांग बघत बसायची, हरभरा भिजवून रोज उघडून बघायची. आणि कुणी न बघता काही ठोकून दिलं की ताई एवढंच विचारायच्या, "तू बघितलंस का?"

आज दुपार कलल्यावर आरती आली. संस्थेची तपासनीस, पाथर्डी तालुक्यातली सगळी गावं तिच्याकडं. स्कूटर लावली, ओढणीनं तोंड पुसलं आणि मंडपाच्या पायरीवर बसूनच म्हणाली, "ताई, तुमच्या पोरांचे गुण उतरलेत. बाकी सगळ्या गावांचे वाढले."

"उतरले? असं कसं होईल?"

"जूनमधे पोरांनी एकही प्रश्न कोरा सोडला नव्हता. तोच पेपर आता दिला, तर निम्मा कोरा. आता हेच बघा." आरतीनं मोबाईलवर एक कागद मोठा करून दाखवला. 'दिवसा चंद्र दिसतो का? हो, नाही.' दोन्ही चौकटी रिकाम्या, आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं, 'बगितला न्हाई.' अक्षर रेश्माचं होतं.

"यंदा दसऱ्यापर्यंत आभाळच उघडलं नाही," सुरेखाताई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि सकाळच्या पारी या पोरी पाणी भरत असतात. मान वर करायला सवड कुठाय?"

"मला कळतंय हो. पण कोऱ्या जागेला शून्य. गुण मशीन मोजतं, त्याला कडेचं वाचता येत नाही." आरतीनं बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "मी सोमवारी पुन्हा पेपर घेते. पोरांना एवढंच सांगा, कोरं सोडायचं नाही, कुठंतरी खूण करायची. नाहीतर दिवाळीनंतर वर्ग बंद. पुण्याच्या ऑफिसातून तसं स्पष्ट आलंय. मी तरी किती भांडू?"

"चहा टाकू का?"

"टाका. तुम्ही नाही घेणार?"

"आज चतुर्थी. चंद्र बघितल्यावर."

चहा होईपर्यंत पोरं गोळा झाली. सुरेखाताई त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. पोटात अन्न नव्हतं. कुणीतरी दुसरंच बोलतंय असा त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. "सोमवारी तोच पेपर परत हाय. ह्यावेळी कोरं ठेवू नका. येत नसलं तरी खूण करा."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. वाल्मिक गुडघे खाजवत म्हणाला, "मंग त्या दिशी मला का बोलला ओ ताई? म्या न बघता लिव्हलं तर उभं केलं व्हतं."

"तुला उभंच करायला पायजे," मागून एक पोरगी बोलली आणि सगळी खिदळली.

रेश्मा हसली नाही. "मी तर सोमवारी न्हाईच, ताई. उद्या सकाळी टेम्पो हाय. कारखाना लवकर पेटायचाय म्हून मुकादम आलाय. श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला जायचंय आमाला." जरा थांबून तिनं विचारलं, "पर दिसतो का ओ? दिवसा?"

उत्तर सुरेखाताईंच्या जिभेवर आलं होतं. लग्न होऊन आल्यापासून त्यांची एकही संकष्टी चुकलेली नव्हती. रात्री ज्या चंद्राला ओवाळून उपास सोडायचा, तोच दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालताना मावळतीकडं उभा असायचा, फिकट, धुतल्या धोतराच्या रंगाचा. त्या त्यालाही हात जोडायच्या. एक 'हो' म्हटलं की काम झालं असतं. पोरगी उसाच्या फडात तो 'हो' घेऊन गेली असती आणि तिथं विसरली असती.

"उद्या दाखवते," त्या म्हणाल्या. "टेम्पो सुटायच्या आधी येते तुमच्या वस्तीवर."

"खरंच?"

"खरंच. आणि पोरांनो, मगाशी मी खूण करा म्हणाले ना, ते मनावर घेऊ नका. जे येतं तेच लिहा."

आरतीनं चहाचा कप खाली ठेवला. पोरं पांगल्यावर ती जवळ आली.

"ताई, वर्ग जाईल. आणि ती पोरगी तर सोमवारी नसणारच. तिला दाखवून एक गुणसुद्धा वाढायचा नाही."

"व्हय."

"वाईट नाही वाटणार?"

"वाटेल की. ही पोरं येतात म्हणून माझी संध्याकाळ होते. नाहीतर आमच्या घरात बोलणारं कोण आहे? हे जेवायला वाढ म्हणतात, तेवढंच."

आरती खिन्न हसली. "तुमच्याशी धड भांडता पण येत नाही बघा." हेल्मेट घालून तिनं स्कूटरला किक मारली. ती दोनदा बंद पडली, मग सुरू झाली.

रात्री चंद्र ढगांतून उशिरा निघाला. सुरेखाताईंनी ओवाळलं, मोदक ठेवला, दोन घास खाल्ले. जेवण जाईना. दिवाळीनंतर मंडपात संध्याकाळी काय ऐकू येईल हेच डोक्यात घोळत राहिलं.

पहाटे अंग उठायला तयार नव्हतं. तरी आंघोळ झाली, तुळशीला पाणी झालं. मावळतीला ढगांचा जाड पट्टा पसरला होता. त्यात चंद्र असलाच तर दिसत नव्हता. त्या बराच वेळ तिकडं बघत राहिल्या.

"एवढ्या सकाळी कुठं?" त्यांच्या यजमानांनी, हनुमंतरावांनी, अंथरुणातूनच विचारलं.

"रेश्माच्या वस्तीवर. भाकरी झाकून ठेवलीय."

वस्तीच्या अंगाला टेम्पोचा हॉर्न वाजला. सुरेखाताईंनी पदर डोक्यावर घेतला, चपला पायात सरकवल्या आणि ढग सरकण्याची वाट न बघता पांदीच्या वाटेला लागल्या.