लाल रिबिनीच्या बाटल्या

बुधवारी सकाळी ओट्यावरच्या एका बाटलीचं झाकण उडालं आणि थेट ट्यूबलाइटवर जाऊन आपटलं. मी पोहे भिजवत होते. वळून बघते तर काय, माझं आल्या-लिंबाचं सरबत बाटलीतून उतू जातंय, पांढरा फेस ओट्यावरून खाली ओघळतोय, आणि वास असा की अजय आंघोळ अर्धवट टाकून टॉवेलवर बाहेर आला.

"हा वास मी ओळखतो," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या स्वयंपाकाकडे बघून नवऱ्याचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने फेसात बोट बुडवून चाटलं. "दर्शना, तू बिअर केलीस."

"मी सरबत केलंय. बोट काढ आधी."

पण आधी मी खिडकी लावून घेतली. एक तर कुवेतमध्ये दारूला बंदी, आणि माझ्या ओट्यावर रांगेने बाटल्या उभ्या. तेही एक वेळ परवडलं. खरी भीती रबियाची होती. फिंतासच्या या बिल्डिंगमध्ये ती आमच्या खालच्याच मजल्यावर राहते, मूळची रत्नागिरीची. शुक्रवारी तिच्या लेकीची, आफियाची मंगनी, म्हणजे साखरपुडा. आफियाला माझं सरबत लहानपणापासून आवडतं, म्हणून पाहुण्यांना तेच द्यायचं असा तिचा हट्ट. आणि मुलाची, आतिफची, आई म्हणजे हवल्लीच्या हफिजाखाला. आतिफसाठी बघितलेलं आधीचं स्थळ त्यांनी केकमध्ये रमचं इसेन्स असल्याच्या नुसत्या संशयावरून मोडलं, असं सगळीकडे बोललं जातं. त्या बाईच्या हातात माझी बाटली गेली असती तर आफियाचं लग्न तिथेच आटोपलं असतं.

मी रबियाला फोन केला. ती चपला न घालताच वर आली, मागोमाग आफियाही. रबियाने बाटली हुंगली आणि मटकन खुर्चीत बसली.

"आता काय करू गो मी? अंगठीसुद्धा आणून ठेवली आहे."

आफियाने दुसरी बाटली कानाला लावली. "आंटी, इट्स अलाइव्ह," ती म्हणाली, आणि मला एवढ्या टेन्शनमध्येही हसू फुटलं. खरं सांगायचं तर भीती एका बाजूला आणि मला चढलेला चेव एका बाजूला. माझ्या सरबतात कोण शिरलं, हे कळल्याशिवाय मी आता पाणीसुद्धा पिणार नव्हते.

आम्ही एकेक झाकण हळूच सैल करत गेलो. काही बाटल्या फुसफुसल्या, काही गप्प. मग आफियाच्याच लक्षात आलं. "लाल रिबिनीच्या सगळ्या आवाज करतात. हिरव्या शांत आहेत."

रिबिनी मीच बांधल्या होत्या. आधीच्या बाटल्यांना हिरवी, हिरवी संपली म्हणून उरलेल्यांना लाल. म्हणजे पहिला अर्धा घाणा धड होता आणि दुसऱ्याची वाट लागली होती.

"आलं खराब असणार," अजय म्हणाला.

"एकाच पिशवीतलं आलं. एकाच पातेल्यातला पाक. पाणी एकच. डोकं चालव जरा."

"मग बाटल्या?"

"बाटल्या रबियाने दिलेल्या," मी म्हणाले आणि तिच्याकडे बघितलं. बघायला नको होतं. पण माझा स्वभावच तो.

"माझ्या बाटल्या?" रबिया ताडकन उठली. "तुझ्यासमोर उकळल्या त्या. तूच चिमट्याने बाहेर काढल्यास. माझ्या घरातली वस्तू म्हणजे अस्वच्छ काय?"

"मी तसं म्हटलं का?"

"तोंडाने नाय म्हटलंस. डोळ्यांनी म्हटलंस."

आफिया दोघींच्या मधे उभी राहिली. लेकीच्या मंगनीला दोन दिवस उरलेले आणि आम्ही दोघी बायका बाटल्यांवरून हमरीतुमरीवर. मी खाली बसले आणि मंगळवारची दुपार डोळ्यांपुढे आणली. आलं किसलं. पिळलं. गाळलं. गाळताना काय झालं होतं? चोथा अडकून माझी गाळणी तुंबली होती. मग मी आफियाला खाली पाठवलं.

"रबिया, तो मलमलचा फडका कशाचा होता?"

"कुठला?"

"आफियाने तुझ्याकडून आणला तो. मी उरलेलं आलं त्यातून गाळलं."

"तो स्वच्छ होता. मी स्वतः धुतला."

"साबणाने?"

"खाण्याच्या फडक्याला साबण कोण लावतं? वास राहतो. थंड पाण्याने खळखळून धुतला. सोमवारी सांदणाचं पीठ झाकलं होतं त्याने. आधी थोडी करून बघितली ना, शुक्रवारी बिघडू नयेत म्हणून. पीठ असं फुगलं, असं फुगलं की फडक्याला जाऊन लागलं."

"पिठात काय घातलं होतंस?"

"काय घालणार? तांदूळ, नारळाचा रस, साखर आणि खमीर."

मी उठून तिला मिठीच मारली. तिला काही कळेना. अगं, सांदणं फुगवणारं खमीर, म्हणजे यीस्ट, फडक्याच्या धाग्याधाग्यात बसलं होतं, आणि मी बाईसाहेबांनी त्याच फडक्यातून आलं गाळून त्याला गोड सरबताची मेजवानी दिली होती. इथल्या दुकानात खमिराच्या पुडीवर अरबीत 'खमीरा' लिहिलेलं असतं, आणि दारूला अरबीत म्हणतात 'खम्र'. आम्ही खमीरा घ्यायला गेलो आणि घरी खम्र करून बसलो.

तरी मला पुरावा हवा होता. दोन पेल्यांत कोमट साखरपाणी घेतलं. एकात त्या फडक्याचं टोक बुडवलं, दुसऱ्यात नाही, आणि दोन्ही पेले बाल्कनीतल्या उन्हात ठेवले. त्या दिवशी आमच्यापैकी कोणी धड जेवलं नाही. दुपारी चहाच्या वेळेला रबियाच पहिली धावली आणि फडक्याचा पेला दोन्ही हातांत धरून आत आली. वर फेसाचं कडं धरलं होतं. दुसरा पेला होता तसाच.

"बघ, बाटल्या माझ्या चांगल्याच होत्या," ती म्हणाली. मी कान पकडले.

लाल रिबिनीच्या बाटल्या सिंकमध्ये ओतायचं काम अजयकडे दिलं. घरचं माणूस गेल्यासारखा चेहरा करून तो ओतत होता, आणि मी शेवटपर्यंत शेजारी उभी राहिले, कारण मी त्याला ओळखते. फडका कचऱ्यात गेला. गुरुवारी गाळणी उकळून, पातेलं उकळून नवं सरबत केलं. बाटल्या गार झाल्यावर सगळ्या थेट फ्रीजमध्ये, आमच्या आणि रबियाच्या.

शुक्रवारी हॉलमध्ये हफिजाखालांनी पेला उचलला आणि आधी नाकाशी नेला. रबियाने माझा हात धरला. नखं रुतली. खालांनी घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"आल्याचं आहे," त्या म्हणाल्या. "चांगलं तिखट आहे."

रबियाची पकड जराशी सैल झाली, तेवढ्यात त्यांनी सांदण उचललं. एक खाल्लं. दुसरं अर्धं खाऊन थांबल्या. कपाळाला आठी पडली.

"रबिया, यात काय घातलंस?"

रबियाच्या नखांनी माझ्या हाताचं पुन्हा भजं केलं. "खमीर," रबिया कशीबशी म्हणाली. "दुकानातलं. पुडीतलं."

"तरीच." खालांनी उरलेल्या सांदणाकडे बघून सुस्कारा सोडला. "जाळी छान पडली आहे. पण आमची आई माडी घालायची. ताजी, सकाळी झाडावरून उतरवलेली. त्या माडीच्या सांदणाची चव आता कुठली मिळायला."

आजूबाजूच्या बायकांचे घास तोंडातच राहिले. माडी म्हणजे ताडीसारखी दारूच; आपण काय बोललो हे खालांना तेव्हा कळलं. त्यांनी दुपट्टा तोंडाला लावला. खांदे हलायला लागले, आणि मग त्या चक्क खो खो हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आतिफच्या अब्बांना सांगू नका गो," एवढंच कसंबसं म्हणाल्या.

रबियाने माझा हात एकदाचा सोडला.

"आफिया," तिने हाक मारली, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशी, "तुझ्या सासूला अजून दोन सांदणं वाढ."