बाहेरचा सांधा

मी डावरी. कॅनव्हासच्या बुटांच्या कारखान्यात बावीस वर्षं सोलभोवती रबरी पट्टी चिकटवली, पण मुकादमांच्या तोंडी माझं नाव कधी आलं नाही. 'ए डावरे', बस. पट्टी फिरून जिथे मिळते तो सांधा आतल्या बाजूला हवा, म्हणजे दिसत नाही. मुकादमांच्या धाकाने मी उजव्या हाताने काम करायचे. घाई झाली की डावा हात पुढे यायचा आणि सांधा बाहेर. मग मी तो झाकायला वर रबराचा छोटा चौकोन दाबायचे. मुकादमांना तो दिसायचाच. लाल रंगाची फुली, आणि बूट गोदामात.

तेव्हा हे बूट कवायतीला आणि मैदानावरच चालायचे. लग्नात कुणी घातले तर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढे चकचकीत बूट आले, आमचा विभाग बंद पडला. आणि आता माझी नात नटूनथटून पार्टीला निघते तीही कॅनव्हासचेच बूट घालून. मला सांगते, "आजी, तुला फॅशनमधलं काय कळतं?" घ्या!

मालकांच्या मुलीने, म्हणजे आताच्या मॅडमनी, जुना बूट पुन्हा काढायचं ठरवलं. नव्या मुलींना शिकवायला माणूस एकच हवा होता, बोलावलं दोघांना, मुकादमांना आणि मला. घरी बसून मी गंजले होते. ते काम मला हवंच होतं.

"जुन्या मालातली एकच जोडी गोदामात सापडलीय," मॅडम म्हणाल्या. खोका बंदच ठेवला. "आधी तुम्ही करा, मग ताडून बघू."

मुकादमांनी पट्टी फिरवली, सांधा आत. देखणं काम, खोटं कशाला बोलू? मीही उजवा हात पुढे केला. मग म्हटलं, जाऊ दे, साठी उलटली, आता कुणाची भीडभाड ठेवायची? डाव्या हाताने पट्टी लावली. सांधा बाहेर, वर चौकोन.

मॅडमनी खोका उघडला. सांधा बाहेर होता आणि त्यावर चौकोन.

"याचा फोटो टाकल्यापासून पोरं या चौकोनासाठी वेडी झालीत," त्या म्हणाल्या.

मुकादमांनी बूट उलटा केला. सोलवर त्यांच्याच हातची लाल फुली होती. पास झालेले सगळे विकले गेले, झिजले, फेकले गेले. माझा तेवढा राहिला होता. माझा ऊर भरून आला, लपवायचं कशाला.

"मुकादम, तुम्ही अनुभवी," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच शिकवा. फक्त सांधा बाहेर घ्या."

मुकादम बराच वेळ त्या फुलीवरून अंगठा फिरवत राहिले. मग बूट माझ्यापुढे ठेवला.

"मला नाही जमायचं ते," म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. "तुम्ही शिकवा."

मी खुर्ची पुढे ओढली आणि मुलींना म्हटलं, "पट्टी डाव्या हातात धरा."