पाखराचा डोळा

पेंढा भरलेल्या अस्वलाच्या कपाटावर डॉक्टर लोरांतने पिवळी चिठ्ठी चिकटवली, तेव्हा एतेल्का शिडीवर होती. सोमवार, संग्रहालय बंद. एवढ्या मोठ्या दालनात फक्त त्याच्या हातातल्या तपासणी यंत्राची गुणगुण. आठवडाभर त्या चिठ्ठ्या दालनामागून दालन ओलांडत येत होत्या. हरणं झाली, लांडगे झाले. आता मधे एक दार आणि पलीकडे पाखरं.

"कसल्या हो या?" तिने वरूनच विचारलं.

लोरांत बाहेरून बोलावलेला रसायनांचा जाणकार. त्याने समजावून सांगितलं, जुन्या काळी कातड्याला कसर लागू नये म्हणून आतून सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, चोळत. शंभर वर्षं झाली तरी ते धुळीतून वर येतंच. हातमोजे घालायचे, हात तोंडाला लावायचा नाही, की झालं. "काळजी नको, मावशी. ही जनावरं चाटायला कोण जातंय?"

दारावरचा पहारेकरी फेरेंत्स खिदळला. "हिचा नेम नाही, साहेब. चौतीस वर्षं गिधाडाचे मुके घेतेय. नवऱ्याला कधी एवढं जवळ केलं नाही."

एतेल्काही हसली. मग तिने शिडीची कड घट्ट धरली. धरलीय की नाही हे डोळ्यांनी पाहावं लागलं. वर्षभर बोटांची टोकं मेली होती, सुई टोचली तरी कळत नव्हतं. वय, असं ती म्हणे.

हे काम तिला म्हाताऱ्या गाश्पारने शिकवलेलं. धूळही एकाच ब्रशाने झटकायची, रंगाची उडालेली रेघही त्यानेच भरायची. त्याला केसाएवढं टोक हवं. पाण्याने ब्रश झोपतो, ओठाने जागा होतो, असं गाश्पार म्हणे. कामाच्या खोलीतलं गाणंही त्याचंच:

टोक दे रे ओठा, रेघ घे गं चोची,
डोळा उघड पाखरा, वाट बघ रानाची.

एकोणसाठाव्या वर्षी तो पोटाच्या दुखण्याने गेला. त्याच्या नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा असत. रंगाच्या असतील, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

ती शिडीवरून उतरली आणि पाखरांमधून वाट काढत मागच्या खोलीत गेली. खिडकीशी व्हिल्मा बसली होती, तिची लेक. सहा वर्षांपूर्वी एतेल्कानेच शब्द टाकून इथे लावलेली. शेजारी अर्धा खाल्लेला पोगाचा, चीजचा खारा पाव. समोर खंड्या. ब्रश ओठाला, ब्रश पिसाला, पुन्हा ओठाला. आणि तेच गाणं, हलक्या आवाजात.

"आलीस, आई? बोटांना मुंग्या येतायत बघ सकाळपासून. गारठाच इतका आहे इथे."

एतेल्काने तिचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या नखावर एक पांढरी रेघ होती, बारीक, सरळ, एतेल्कानेच ओढून दिल्यासारखी.

बोललं तर हे विष कुणी भरवलं तेही सांगावं लागणार होतं. यंत्राची गुणगुण दारापर्यंत आली. लोरांत नवी चिठ्ठी सोलत उंबऱ्यात उभा राहिला.

"डॉक्टर," एतेल्का म्हणाली, "मघाशी विचारलंत ना, चाटायला कोण जातंय." तिने लेकीच्या हातातला ब्रश काढून घेतला. "आम्ही जातो. मी शिकवलं हिला."

सोललेली चिठ्ठी लोरांतच्या हातात तशीच राहिली.

व्हिल्माचं गाणं दुसऱ्या ओळीवर थांबलं होतं. खालच्या ओठावर खंड्याच्या निळ्याचा ठिपका होता. एतेल्का धुतलेल्या रुमालाने तो पुसत राहिली. गेला की नाही, हे बोटांना कळत नव्हतं.