वाहक सोमनाथ

अवघड शब्द उच्चारले की आपण अर्धे डॉक्टर झालो, असं आरोग्यसेवक सोमनाथला वाटायचं. त्या दिवशी मखमलाबादच्या पुढच्या वस्तीवर झेंडूच्या माळा ओवणाऱ्या बायकांसमोर त्याने तासभर व्याख्यान झोडलं. संसर्ग, वाहक, प्रतिबंध आणि त्याचा सगळ्यात लाडका शब्द, अधिशयन काळ. म्हणजे जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचे दिवस.

सकाळपासून त्याचा उजवा डोळा चुरचुरत होता. धूळ गेली असेल म्हणून तो मधूनमधून चोळत होता. हात धुण्याची पद्धत त्याने कोरड्या हातांनीच दाखवली. नळापर्यंत कोण जाणार? मग स्वतःच्या हाताने सगळ्यांना पत्रकं वाटली आणि हौसेने दोन माळाही ओवून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचे दोन्ही डोळे आले. तो चार-पाच दिवस घरी पडून राहिला. कामावर परतला तर वस्तीवर अकरा जणींचे डोळे आलेले. डॉक्टर प्रतिभाताईंनी त्यालाच शोध घ्यायला पाठवलं.

रजिस्टर उघडून त्याने गंभीरपणे चौकशी आरंभली. कोणी बाजारात गेलं होतं का? कुणाकडे पाहुणे आले होते का? माळा ओवणाऱ्यांतल्या नवसाबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, पाव्हणे तुमीच. डोळा चोळून त्याच हातानं कागद वाटत व्हते."

तो धुळीचं काहीतरी पुटपुटला.

"अन् तुमचा तो अधिशयन काळ आमी मोजला. दोन दिस भरला."

व्याख्यान इतकं चांगलं समजलं होतं, याचा आनंद मानावा की धरणीत गडप व्हावं, हे त्याला कळेना. 'संसर्गाचा स्रोत' या रकान्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं. औषधाचे थेंब काढायला पिशवीत हात घातला, तर नवसाबाईंनी त्याला आधी नळाशी नेलं आणि साबण लावून हात धुऊन होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

आठवडाभर तो घरोघर फिरला. टॉवेल वेगळे ठेवा, डोळ्याला हात लावू नका, एवढंच साध्या शब्दांत सांगत राहिला. साथ ओसरली, पोरांपर्यंत पोचली नाही.

पुढच्या गावी व्याख्यानाला उभा राहिला तेव्हा त्याने आधी हात धुतले, मग विचारलं, "वाहक म्हणजे कोण, माहिती आहे? मी." आणि सगळी हकिकत सांगितली. लोक पोट धरून हसले. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मात्र खुर्ची हळूच मागे घेतली.