नळी कुठे धरायची

सकाळपासून धाकटीचं डोकं भणभणत होतं. औषधाचा अंश मोजणाऱ्या मशीनच्या पडद्यावर पुन्हा तोच तमाशा! तिच्या नळ्यांचे आकडे शहाण्या मुलांसारखे एका रांगेत, आणि दादाच्या नळ्यांचे वाटेल तिकडे उधळलेले. लोणी एकाच डब्यातलं, त्यात पद्धत तपासायला मुद्दाम मिसळलेलं कीटकनाशक एकच, तेही तिनं स्वतः मोजून घातलेलं. मग उत्तरं दोन कशी येतात? मशीनला विचारून ती थकली होती. आता विचारायचं तर दादालाच, आणि त्याच्याशी बोलायला जावं तर भांडण ठरलेलं.

या प्रयोगशाळेतला चरबीचा विभाग म्हणजे ही दोन सख्खी भावंडं. चाऱ्यावर मारलेलं औषध जनावराच्या पोटात जातं, दुधात उतरतं आणि लोण्यात ठाण मांडून बसतं. ते हुडकून काढायचं हे दोघांचं काम. दादा ते जुन्या पद्धतीनं करायचा. लोणी हेक्झेनमध्ये विरघळवायचं, पेट्रोलसारख्या वासाचं ते हेक्झेन ओत ओत ओतायचं, गाळायचं, मग तापवून उडवून लावायचं. एवढ्याशा लोण्यासाठी बादलीभर हेक्झेन! निम्मं आभाळात, उरलेलं पिंपात, आणि मधे जे काही सुटायचं ते दादाच्या नाकात. त्या कोपऱ्यातल्या खोलीत पंखा होता, पण तो नावालाच.

दादाला त्या खोलीतून बाहेर काढायचं, एवढ्या एकाच हट्टापायी धाकटीनं नवी पद्धत बसवली होती. लोण्याचा जरासा गोळा काचेच्या नळीत घ्यायचा, थोडं अल्कोहोल घालून खळखळून हलवायचं आणि नळी डीप फ्रीजरमध्ये उभी करायची. चरबी गोठून तळाशी बसते. औषध वरच्या अल्कोहोलमध्ये राहतं. ते अल्कोहोल तेवढं अलगद ओतून घेतलं की झालं. ना बादली, ना पिंप, ना वास.

पण नियम म्हणजे नियम. एकाच माणसाच्या हातून पद्धत चालली तर तिला कुणी पद्धत म्हणत नाही. दुसऱ्याच्या हातूनही तेच उत्तर यावं लागतं. आणि साहेबांनी दुसरा माणूस म्हणून नेमला कुणाला? दादाला! "एवढा मुरलेला हात दुसरा कुणाचा आहे?" असं म्हणून मोकळे झाले. आज सकाळी त्यांनी वर बजावलंही होतं, "मॅडम, आज जमलं तर ठीक. नाहीतर मी वर्षभराच्या हेक्झेनची मागणी पाठवून देतो. मलाही वर तोंड दाखवायचं असतं."

वर्षभर! आणखी वर्षभर दादा त्या खोलीत.

ती तरातरा टेबलापाशी गेली. दादा नळ्या पुसत बसला होता, निवांत, जसं काही झालंच नाही.

"दादा, तू मुद्दाम करतोयस."

"काय मुद्दाम करतोय?"

"माझ्या पद्धतीची वाट लावतोयस. तुझ्या अल्कोहोलमध्ये चरबी उतरतेच कशी? मशीन पार बरबटून गेलंय. माझ्या नळ्यांत का नाही उतरत?"

"डोकं फिरलंय का तुझं, छोटे?" दादानं फडकं आपटलं. "तुला पहिली बाटली धरायला कुणी शिकवलं? मी! आणि आता मला नळी ओतता येत नाही म्हणतेस? ही तुझी फ्रीजरमधली भातुकली आहे ना, तीच कच्ची आहे. माझी पद्धत कधी चुकली? सांग, एकदा तरी चुकली?"

"तुझी पद्धत चुकत नाही रे, माणसाला मारते!"

"मग मी काय भूत आहे?"

हे असं! काही बोलायला जावं तर हा कोपरखळी मारून मोकळा. धाकटीला रडूही येत होतं आणि दादाच्या डोक्यात फडकं घालावंसंही वाटत होतं. तिनं दोन्ही गिळलं.

"माझ्यासमोर कर," ती म्हणाली. "एक नळी. मी बघते."

"परीक्षा घेणार माझी? घे बाई, घे."

फ्रीजरचं दार उघडलं, थंड वाफ बाहेर आली. दादानं नळी उचलली. पांढरी चरबी तळाशी घट्ट, वर स्वच्छ अल्कोहोल. अगदी हवं तसं. धाकटी श्वास रोखून बघत होती. दादा नेहमीसारखाच सावकाश निघाला, टेबलाशी आला, छोटी बाटली शोधली, तिचं झाकण काढलं, लेबल डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. कामाला चोख माणूस, घाई त्याच्या रक्तात नाही. आणि एवढा सगळा वेळ नळी त्याच्या डाव्या मुठीत होती. पोटाशी धरलेली, घट्ट, सगळी बोटं आवळून.

मुठीच्या उबेनं तळची चरबी कडेनं पाघळली. एक धुरकट रेघ वर चढली आणि स्वच्छ अल्कोहोल गढूळ झालं.

"अरे, पोटाशी काय धरतोस? वर धर, मानेशी!" धाकटी ओरडली. "सगळी विरघळली ना!"

"मग हे लिहायचं नाही का तुझ्या त्या सूचनांमध्ये? वर धर म्हणे!"

"ते काय लिहायचं? पोटाशी धरवते तरी का कुणाला? चटका बसतो इतकी गार..."

बोलता बोलता तिची नजर दादाच्या मुठीवर गेली.

तिनं सूचनांत लिहिलं नव्हतं, कारण तिला स्वतःलाच कधी ठरवावं लागलं नव्हतं. फ्रीजरमधली नळी धरली की बोटं आपोआप वर सरकायची. पातळ हातमोज्यातूनही गारवा हाडापर्यंत जायचा. कुठल्याही माणसानं नळी केव्हाच सोडली असती. दादाच्या हातमोज्यावर पांढरं दव धरलं होतं आणि तो खुशाल मूठ आवळून उभा होता.

"दादा, गार नाही लागत?"

"लागतं की."

"खोटं नको बोलूस."

तिनं त्याच्या हातातली नळी काढून घेतली, हातमोजा ओढला. बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती. तिनं एका बोटाला करकचून चिमटा काढला. दादा तिच्याकडे बघत राहिला, चिमट्याकडे नाही.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले," दादा हळू आवाजात म्हणाला. "आधी पाय, मग हात. कामापुरतं भागतं."

"वहिनीला माहितीये?"

"तिला कशाला मधे आणतेस?"

धाकटीला स्वतःचीच चीड आली. हेक्झेननं नसा मरतात हे पिंपावर ढळढळीत लिहिलेलं असतं. ती रोज वाचत होती, सगळ्या जगाला सांगत होती, आणि सख्ख्या भावाच्या हातांकडे तिनं बघितलं नव्हतं. उलट मघाशी त्याला लबाड ठरवून आली होती.

"ऐक ना, छोटे," दादा जवळ आला. मघाचा ताठा कुठल्या कुठे गेला होता. "साहेबांना सांग, पद्धत जमत नाही म्हणून. तुझं काय जातंय? तू हुशार आहेस, दुसरी काढशील. हे कळलं तर मला टेबलावरून उठवतील. गोदामात डबे मांडायला बसवतील. मला दुसरं काय येतं सांग?"

"आणि त्या खोलीत परत जाशील?"

"सवय आहे मला."

"तुझ्या सवयीला आग लागो!" ती रडत ओरडली. "उद्या पावलं उचलेनाशी झाली की मग काय करशील?"

दादानं मान फिरवली.

तेवढ्यात दारात साहेब. "काय झालं मॅडम? मागणी पाठवू का?"

दादानं तिच्याकडे बघितलं. लहानपणी तिच्या चुका तो आपल्या अंगावर घ्यायचा. आयुष्यात कधी त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. आज मागत होता.

"नका पाठवू," धाकटी म्हणाली. "पद्धत बरोबर आहे, साहेब. दादाच्या हातांना गार-गरम कळत नाही. हेक्झेननं बोटं गेलीत त्याची. दुसरा माणूस द्या मला, आणि ती खोली आजच्या आज बंद करा."

साहेब दादाच्या हातांकडे बघत राहिले, मग "अहो, बोलायचं तरी..." असं काहीतरी पुटपुटले आणि फोन करायला निघून गेले. इतके महिने जिच्यासाठी ती झगडली ती गोष्ट झाली होती. धाकटीला मात्र एवढंसुद्धा बरं वाटलं नाही.

"झालं समाधान?" दादा म्हणाला. "चांगले पांग फेडलेस."

तो रागानं ॲप्रन काढायला लागला. वरचं बटण चिमटीत धरलं, सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. त्यानं हिसका दिला, शिवी हासडली, दुसऱ्या हातानं बघितलं. बटण जागचं हललं नाही. इतके दिवस सकाळी घरून निघताना ते वहिनीच लावून देत होती, हे धाकटीला आता विचारायची गरज उरली नव्हती.

दादानं दोन्ही हात खाली सोडले आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "बघत काय उभी राहिलीस? काढ."

ती पुढे झाली आणि एकेक बटण काढू लागली.