पहारेकऱ्याची हरकत

गेटकाका एकतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर होते. तेवढ्या काळात त्यांनी विनापास आत सोडलं ते फक्त एक मांजर, तेही वहीत नोंद करून.

आता कंपवातानं हात थरथरायचे, पावलं अडखळायची, आणि चेहरा असा आखडलेला की लग्नाला गेले काय, मयताला गेले काय, भाव एकच.

तपासणीच्या खोलीत तरुण डॉक्टरीणबाई नव्या औषधाची चाचणी समजावत होत्या. "काका, मेंदूभोवती पहारा असतो. रक्तातलं वाटेल ते आत जाऊ देत नाही."

"उत्तम."

"पण औषधही बाहेरच अडकतं. म्हणून ते आम्ही एका प्रथिनाला जोडतो. त्या प्रथिनाला आत जायची मुभा असते. त्याच्याबरोबर औषध नेमकं हवं तिथे पोचतं."

"म्हणजे दुसऱ्याच्या पासावर."

"तसं म्हणा हवं तर."

"मग मी सही करणार नाही."

दुष्परिणामांची चार पानं काकांनी निमूट ऐकली होती. हरकत निघाली ती ही!

"तो बिचारा पहारेकरी सत्तर वर्षं इमानानं उभा आहे. एक रजा नाही. आणि माझ्याच सहीनं त्याला गंडवायचं?"

"अहो, त्या पेशी आहेत," शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या.

"नोकरी ती नोकरी."

काकूंनी पर्स मांडीवर ठेवली. "एकतीस वर्षं मी उन्हात उभं राहून गजांतून डबा दिला. बायकोला पास नाही म्हणून."

"नियम होता."

"होता ना. मी कधी बोलले? पण तुम्ही हसायचात. तेवढ्यावर मी घरापर्यंत चालत जायचे. आता दोन वर्षं समोर बसून विनोद सांगते..."

"टुकार असतात."

"असू देत. पण आवडले की नाही, ते कळत नाही हो. पुन्हा बाहेरच उभी केलीत मला."

खरं तर प्रत्येक विनोद काकांच्या आत पोचत होता. परवाच्या न्हाव्याच्या विनोदावर तर ते मनातल्या मनात दोनदा लोळले होते. चेहऱ्यापर्यंत तेवढं येत नव्हतं.

"बाई, गुण येईल?"

"खात्री नाही देत, काका. चाचणी आहे."

"पेन द्या."

अक्षरं मुंगीएवढी उमटली आणि तिरकी होत कागदाच्या कडेकडे निघाली. काकूंनी त्यांचा हात धरला नाही. कागद धरला, आणि सही पुरी होईपर्यंत तो पेनाखाली हळूहळू सरकवत राहिल्या.